पत्राच्या वेषांतील जाहिरात

कोंकणांतील जुन्या घरांच्या रचनेंत एक शिष्टाचारशास्त्र दडलेलें आहे. घर पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांचें तिकडे क्वचितच लक्ष जातें. बेड्यांतून आंत आलें कीं प्रथम खळें, मग पडवी, मग ओटी, त्यानंतर माजघर, आणि अगदीं आंत स्वयंपाकघर व देवघर. कोणी कोठपर्यंत यावें हें कोणत्याहि भिंतीवर लिहिलेलें नसे. परंतु तें सर्वांस ठाऊक असे. कल्हईवाला खळ्यांतच थांबून आरोळी देई. कासार पडवींत बसून बांगड्या भरी. सावकाराचा कारकून ओटीवर टेकून पान खाई. आणि माजघरांत पाऊल टाकण्याचा हक्क, ज्याचें नांव घरच्या माणसांच्या तोंडीं असे, त्यालाच असे. ह्या क्रमांत जातिभेदाचा जो विषारी अंश मिसळलेला होता तो नाहींसा होत आहे हें योग्यच आहे, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. पण त्या क्रमाच्या पोटीं जें एक साधें तत्त्व होतें, कीं येणारानें आपण कोण व कशासाठीं आलों हें दाराशींच सांगावें, तें टाकाऊ होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्या घराची आठवण होण्याचें कारण आमची ई-मेलची पेटी. मुलांचीं व स्नेह्यांचीं रोजचीं बोलणीं हल्लीं दुसऱ्या साधनांनीं होतात हें खरें. तथापि बँकेचें पत्र, विद्यापीठाचा निकाल, विम्याची पावती, परदेशीं राहणाऱ्या मुलाचें एखादें सविस्तर पत्र, हें सर्व अद्याप ह्याच पेटींत येतें. सुशिक्षित कुटुंबाचें तें कागदांचें माजघर आहे. ह्या माजघरांत आतां दोन जातींचे आगंतुक शिरतात, आणि त्यांचा भेद प्रथमच सांगितलेला बरा. पहिली जात विक्रेत्यांकडून ढिगानें येणाऱ्या पत्रांची. हीं पत्रें नकोशीं असलीं तरी पत्रेंच. तीं कोणीतरी कोठून तरी धाडलेलीं असतात. दुसरी जात अधिक नवी व अधिक चमत्कारिक आहे. ती पत्रें नव्हेतच. ज्या कंपनीनें आपल्याला पेटी दिली तीच आपल्या दोन पत्रांच्या मध्यें एक ओळ मांडते: पत्राच्या ओळीइतकीच उंच, धाडणाराच्या नांवाच्या जागीं दुकानाचें नांव, विषयाच्या जागीं विषय, आणि कोपऱ्यांत, डोळे बारीक करून पाहिल्यास, ती जाहिरात असल्याची लहानशी खूण. बोट लावावें तों पत्र उघडत नाहीं, दुकान उघडतें.

ह्यांत नीतिविचार करण्यासारखें काय आहे, असें पुष्कळ जण म्हणतील. नको तें पुसून टाकावें आणि पुढें जावें. शिवाय पेटी फुकट घेतली आहे. फुकट घेतलेल्या पेटींत देणाऱ्यानें दोन ओळी स्वतःसाठीं घातल्या तर तक्रार कोणत्या तोंडानें करावयाची? हा दुसरा आक्षेप पहिल्याहून वजनदार आहे, आणि आमच्या मतें ह्या सर्व प्रश्नाचें मर्म त्याच्याच आसपास आहे.

येथें टपालाचा थोडासा इतिहास आठवावा लागतो. इंग्लंडांत १८४० पर्यंत पत्राचा आकार बहुधा पत्र घेणारानें द्यावयाचा असे. रोलंड हिल ह्याच्या योजनेनुसार त्या सालीं पेनीचें तिकीट निघालें आणि खर्चाचा भार धाडणारावर आला. आपल्याकडे १८५४ च्या ऑक्टोबरपासून पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत देशांत कोठेंहि जाऊं लागलें. तिकीट न लावतां टाकलेल्या पत्राचा दुप्पट आकार मात्र घेणाराकडून वसूल होई. अशा पत्राला आपले लोक 'नॉटपेड' म्हणत. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर ज्या जिल्ह्यानें पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले, त्या आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत नॉटपेड पत्र म्हणजे काय हें जुन्या माणसांस समजावून सांगण्याची गरज पडत नसे. पोस्टमन दाराशीं उभा राही, घरचीं माणसें पाकिटावरचें अक्षर निरखीत, आणि पैसे देऊन पत्र घ्यावें कीं परत पाठवावें हें ठरवीत. खर्च घेणाराचा, पण नाकारण्याचा अधिकारहि घेणाराचाच.

ह्या दोन्ही पद्धतींत एक प्रकारचा न्याय होता. धाडणारानें पैसे द्यावयाचे म्हटलें कीं तो विचार करूनच लिहितो. एक लाख पत्रकें वांटावयाचीं तर एक लाखांचीं तिकिटें लागतात. घेणारानें पैसे द्यावयाचे म्हटलें तर तो 'नको' म्हणूं शकतो. ई-मेलनें ह्या दोन्ही न्यायांस एकदम सुट्टी दिली. एक पत्र धाडण्यास जें लागतें त्याहून फारसें अधिक दहा लाख धाडण्यास लागत नाहीं, आणि तें दाराशीं थांबत नाहीं, थेट आंत येऊन पडतें. ३ मे १९७८ रोजीं, अमेरिकेंत अर्पानेट नांवाचें जाळें अद्याप मूठभर संशोधकांपुरतेंच होतें तेव्हां, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्रेत्यानें सुमारें ४०० जणांस आपल्या नव्या यंत्रांच्या प्रदर्शनाचें एकच निमंत्रण धाडलें. ह्या जातीच्या जाहिरातींचें आद्य उदाहरण म्हणून तें सांगतात. तक्रारी त्याच वेळीं झाल्या, आणि, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे, यंत्रेंहि खपलीं.

पुढें ४ जुलै १९९६ रोजीं हॉटमेल निघालें. तें काढणाऱ्या दोघांपैकीं सबीर भाटिया हे आपल्याकडचे. त्यांनीं फुकट पेटी दिली, आणि त्या पेटींतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशीं, तुम्हीहि अशी फुकट पेटी घ्या, अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडली. ही युक्ति इतकी फळास आली कीं दीड वर्षाच्या आंत लक्षावधि लोक त्या पेट्या वापरूं लागले, आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी विकत घेतली. त्या ओळीचा उपद्रव कोणासहि झाला नाहीं. पण त्या दिवशीं एक गोष्ट घडली ती आमच्या समजुतीनें फार महत्त्वाची आहे. बापानें मुलाला लिहिलेल्या पत्राच्या तळाशीं, बापाच्या सहीखालीं, बापानें न लिहिलेलें वाक्य जाऊं लागलें. पत्र म्हणजे एका माणसानें दुसऱ्यास लिहिलेलें, ही जी व्याख्या कोणी कधीं लिहून ठेवली नव्हती, तिला तेथें पहिला चिरा गेला. १ एप्रिल २००४ रोजीं आलेल्या जीमेलनें इतरांच्या दोन-चार मेगाबाइटांच्या जागीं एक गिगाबाइट जागा देऊं केली, आणि मोबदला म्हणून पत्रांतले शब्द यंत्राकडून चाळवून त्यांस अनुरूप अशा जाहिराती शेजारीं मांडल्या. हें चाळणें जाहिरातींसाठीं यापुढें करणार नाहीं असें गूगलनें २०१७ सालीं जाहीर केलें. परंतु तत्पूर्वींच, २०१३ पासून, पेटीचे कप्पे पडले होते आणि त्यांतील 'प्रमोशन्स' नामक कप्प्यांत जाहिराती पत्रांच्या शेजारून उठून पत्रांच्या पंक्तींत येऊन बसल्या होत्या.

आतां 'फुकट' ह्या शब्दाकडे वळूं. आमचा नफ्यावर राग नाहीं. पेटी चालविण्यास यंत्रें लागतात, वीज लागते, माणसें लागतात. कोणीतरी खर्च केला पाहिजे. तेव्हां 'आम्ही पेटी देतों, तुम्ही जाहिराती पाहा' हा सौदा मूलतः अनीतीचा म्हणतां येत नाहीं. आपलीं जुनीं मासिकें तरी केवळ वर्गणीवर कोठें चालत? मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस आणि शेवटच्या पानांवर केशतेलें, बलवर्धक गोळ्या व छत्र्या दाटीवाटीनें बसलेल्या असत. आणि निबंध वाचणारा वाचक तीं पानें उलटून जाई किंवा फावल्या वेळीं मजेनें वाची. तेथें फसवणूक झालीच तर ती गोळ्यांच्या गुणाविषयीं होई. जाहिरात ही जाहिरात आहे ह्याविषयीं मात्र कोणाचीहि फसवणूक होत नसे. निबंधाच्या दोन परिच्छेदांमध्यें, निबंधाच्याच टायपांत, लेखकाच्याच भाषेंत एखाद्या तेलाची शिफारस छापली असती, तर संपादकानें वर्गणी निम्मी केली असती तरी वाचकानें ती क्षम्य मानली नसती.

सौद्याचा न्याय दोन गोष्टींवर उभा असतो. किंमत आधीं सांगितलेली असावी, आणि दिली जाणारी वस्तु तीच असावी. फुकट पेटीची किंमत कोणीं कधीं सांगितली? आज दोन ओळी, उद्यां चार, परवां पत्र उघडण्यापूर्वीं एक हालतें चित्र. जी किंमत घेणारा एकटाच वाढवीत जातो तिला किंमत न म्हणतां दुसरा शब्द शोधावा लागेल. आणि वस्तूविषयीं म्हणाल, तर ज्या लक्षाची ही विक्री होते तें लक्ष आम्हीं जाहिरातदारास दिलेलेंच नसतें. तें आमच्या मुलास, बँकेस, विद्यार्थ्यास दिलेलें असतें. त्यांच्या पत्रांसाठीं आम्ही पेटी उघडतों. त्यांच्या नांवानें उघडलेल्या दारांतून तिसराच आंत येतो. मुलानें तर कोणताहि सौदा केलेला नाहीं.

वेषांतराचा हा अपराध आपल्या वाङ्‌मयास अपरिचित नाहीं. रावण पंचवटींत आला तो परिव्राजकाच्या वेषांत. लक्ष्मणानें ओढलेल्या रेषेची जी कथा घरोघर सांगतात ती वाल्मीकींत नाहीं. तेथें सीतेस बांधून ठेवणारी रेषा नसून धर्मच आहे. ब्राह्मण आणि अतिथि दाराशीं आला असतां त्याची वास्तपुस्त न केली तर तो शाप देईल, ह्या विचारानें ती त्याच्याशीं बोलते. रावणानें सीतेच्या दुर्बलतेचा फायदा घेतला नाहीं, तिच्या सौजन्याचा घेतला. पत्राच्या वेषांतील जाहिरातहि हेंच करते, अर्थात् अत्यंत क्षुद्र प्रमाणावर. एवढ्या मोठ्या नांवाची उपमा तिला दिल्याबद्दल वाचक आम्हांस हंसतील तर आमची हरकत नाहीं. परंतु पत्र आलें असतां तें उघडून पाहणें हें एक सौजन्य आहे. कोणीतरी आपल्याला कांहीं सांगूं पाहतो आणि आपण तें ऐकून घेतों. जाहिरात ह्या संवयीवर जगते, आणि जगतां जगतां तिला मारते.

कारण खऱ्या नुकसानीचा हिशेब येथें सुरू होतो. खोट्या गोसाव्याचें खरें पाप त्यानें नेलेली भिक्षा हें नव्हे. त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक खऱ्या गोसाव्याकडे घरधनीण संशयानें पाहूं लागते हें होय. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पांच-सहा वर्षें जाहिरातींचा वर्षाव सोसल्यावर त्यांनीं एक नियम केला, कीं ओळखीचें नांव नसलेलें पत्र उघडावयाचें नाहीं, पाहतांक्षणीं पुसावयाचें. नोव्हेंबरांत हयातीचा दाखला देण्याविषयींचें स्मरणपत्र ह्या नियमांत सांपडलें. दाखला गेला नाहीं, पेन्शन थांबलें, आणि आपण जिवंत आहों हें पटविण्यासाठीं त्या गृहस्थांस तीन खेपा घालाव्या लागल्या. पेन्शन पुढें मिळालें. पण त्यांची पत्नी म्हणाली तें आमच्या मनांत राहिलें आहे: 'पूर्वीं पोस्टमन आला कीं हे जेवणावरून उठत, आतां पेटी वाजली तरी बघत नाहींत.' कोण्या एका जाहिरातदारानें हें केलें असें म्हणतां येणार नाहीं. प्रत्येकानें एक-एक मूठ माती टाकली आणि विहीर बुजली.

आमचा हा ग्रह केवळ एका मास्तरचा चिडखोरपणा आहे असें कोणास वाटल्यास युरोपांतील एक निकाल पाहावा. जर्मनींत वीज विकणाऱ्या दोन संस्थांचा तंटा होता. एकीनें टी-ऑनलाइन ह्या फुकट ई-मेलच्या पेट्यांत, पत्रांच्या यादीमध्येंच, आपली जाहिरात लावविली होती. तिला राखी पार्श्वभूमि होती, तारीख नव्हती, आणि ती जाहिरात असल्याचें लिहिलेलेंहि होतें. प्रतिस्पर्धी संस्थेनें दावा केला. प्रतिवादीचें म्हणणें असें कीं हें पत्रच नव्हे. कोणीं धाडलें नाहीं, कोणाच्या पेटींत साठलें नाहीं, तेव्हां पत्रांविषयींचा कायदा आम्हांस लागत नाहीं. युरोपीय संघाच्या न्यायालयानें २५ नोव्हेंबर २०२१ रोजीं हें म्हणणें अमान्य केलें. ज्या जागेवर मनुष्य आपल्या खासगी पत्रांसाठीं विश्वास ठेवतो त्या जागीं, पत्रासारख्या रूपांत मांडलेली वस्तु कायद्याच्या दृष्टीनें ई-मेलच्या द्वारें केलेली विक्रीच होय, आणि तिला त्या मनुष्याची पूर्वसंमति पाहिजे, असा तो निकाल. जाहिरात पत्राच्या वाटेंत आडवी येते व पत्र समजून उघडली जाण्याचा संभव असतो, हें न्यायमूर्तींनीं लक्षांत घेतलें. संमतीविषयींहि त्यांनीं सांगितलें कीं ती स्पष्ट माहिती मिळाल्यावर व त्याच गोष्टीसाठीं दिलेली असली पाहिजे. आम्ही वर किंमत आधीं सांगण्याविषयीं जें म्हटलें तेंच हें, वकिली भाषेंत. पुढें फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानें अशाच जाहिरातींबद्दल २०२४ सालीं ऑरेंज ह्या कंपनीस पांच कोटी युरो दंड केला. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें जीमेलमधील पत्रांच्या मध्यें जाहिराती दाखविल्याबद्दल, तसेंच खातें उघडतांना टेहळणीच्या कुकीजना नीट संमति न घेतल्याबद्दल, गूगलला साडेबत्तीस कोटी.

आपल्या देशांत नकोशा फोन व एस.एम.एस.साठीं २००७ पासून नियम आहेत आणि १९०९ हा क्रमांक बहुतेकांस ठाऊक आहे. ई-मेल त्या कक्षेच्या बाहेर राहिली. ई-मेलनें त्रास देणें हा गुन्हा ठरविणारें '६६ अ' हें कलम २००८ च्या दुरुस्तीनें आलें होतें. पण त्याचे शब्द इतके सैल होते कीं तें जाहिरातदारांऐवजीं टीकाकारांवरच अधिक चाललें, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें समूळ रद्द केलें. तें योग्यच झालें. त्रास हा शब्द इतका व्यापक आहे कीं त्यांत आमचे निबंधहि बसतील. त्यामानानें ३० नोव्हेंबर २०२३ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वें अधिक नेमकीं आहेत. ग्राहकास चकविण्याचे जे १३ प्रकार त्यांत सांगितले आहेत त्यांत वेष पालटलेली जाहिरात हा एक स्वतंत्र प्रकार आहे. शब्द त्रासावर नाहीं, वेषावर आहे, आणि बोट बरोबर ठिकाणीं ठेवलेलें आहे.

येथें आमच्याच गांवचा एक पक्ष मांडल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. फाल्गुन-चैत्र आला कीं आमच्या पेटींत हापूसचीं पत्रें येऊं लागतात. २०२० च्या टाळेबंदींत वाशीच्या बाजाराची घडी विसकटली, तेव्हां अनेक बागायतदारांनीं प्रथमच थेट गिऱ्हाइकांस लिहिलें. कित्येकांचा मोसम त्यामुळें वांचला. जाहिरात म्हणजे केवळ मोठ्या कंपन्यांची हांव नव्हे. दलालाच्या हातून सुटण्याची लहान माणसाची ती वाटहि आहे. पण ह्याच बागायतदारांस विचारा, कीं त्यांचें सर्वांत मोठें दुःख कोणतें. परप्रांतांतील आंबा रत्नागिरीच्या नांवाच्या पेटींत भरून विकला जातो हें. त्या आंब्याला परप्रांताच्या नांवानें विकण्यास कोणाची ना नाहीं. तो आपल्या परीनें चांगलाहि असतो. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें तें, आंबा ज्या मातींतला त्याच मातीचें नांव त्यानें लावावें, एवढ्याचसाठीं. ज्या बागायतदारास पेटीवरचें खोटें नांव झोंबतें, त्यास पत्रपेटींतील खोटा वेष कां झोंबूं नये? गेल्या वर्षीं आंबा घेतलेल्या गिऱ्हाइकास तो आपल्या नांवानें लिहितो, मोहर कसा आहे, पेटी केव्हां निघेल तें सांगतो, आणि नको असल्यास कळवा म्हणतो. तें पत्र आहे, विक्रीचें असलें तरी.

राहतां राहिला प्रश्न आपण काय करावें हा. यंत्राच्या युक्त्या पुष्कळ आहेत व घरांतलीं मुलें त्या आपल्याहून बऱ्या जाणतात: दुकानांस द्यावयाचा पत्ता वेगळा ठेवावा, जीमेलचे 'प्रमोशन्स' वगैरे कप्पे बंद करावे, पेटी न्याहाळकावर न उघडतां पत्रें उतरवून घेणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमांत वाचावीं, म्हणजे मधल्या ओळी बहुधा येतच नाहींत, अथवा जाहिराती गाळणारी चाळण लावावी. ह्या शेवटच्या उपायावर कांहीं सज्जन विचारतात, कीं ही चोरी नव्हे काय? पेटी घेतली आणि मोल बुडविलें. आम्हांस हें पटत नाहीं. मासिकाच्या जाहिरातींचीं पानें न वाचणारा वाचक चोर नव्हे. पाहण्याचें वचन त्यानें दिलेलें नसतें, आणि वेष पालटून आलेल्यास ओळखून बाहेर ठेवणें हा घरधन्याचा जुना हक्क आहे. तथापि ह्या प्रश्नांत एक कांटा आहे तो खरा. सर्वांनींच चाळण लावली तर फुकट पेटी बंद पडेल, आणि ती बंद पडल्यास आमचें अडणार नाहीं. संगमेश्वराच्या किंवा मंडणगडच्या खेड्यांतून कॉलेजांत आलेल्या विद्यार्थ्याचें अडेल. त्याचा प्रवेशअर्ज, त्याची शिष्यवृत्ति, त्याची पहिली नोकरी ह्याच फुकट पेटींतून येते.

म्हणून आम्हांस वाटतें कीं ज्यांना शक्य आहे त्यांनीं टपालाचे पैसे रोख मोजावे. जाहिरातींवांचून पेटी देणाऱ्या सशुल्क सोयी आहेत. याहू व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्याहि आहेत, आणि केवळ वर्गणीवर चालणाऱ्या लहान कंपन्याहि. आपल्या मध्यम वर्गाला मात्र ह्या एका बाबतींत पैसे देणें अपमानासारखें वाटतें. वर्तमानपत्राचें बिल देतों, विजेचें देतों, चित्रपट दाखविणाऱ्या तीन-तीन कंपन्यांची वर्गणी भरतों. आणि ज्या पेटींत आपल्या बँकेचीं, वैद्याचीं व मुलांचीं पत्रें पडतात तिच्यासाठीं कवडी काढावयास सांगितली कीं घरांत सभा भरते. आमच्या एका स्नेह्यांकडे ती सभा आम्हीं स्वतः पाहिली आहे. वर्षाची वर्गणी मोसमाच्या आरंभीच्या हापूसच्या एका पेटीहून कमीच निघाली. तरी ठराव नामंजूर झाला, आणि त्याच बैठकींत आंब्याच्या दोन पेट्यांची मागणी, एका जाहिरातीवर बोट ठेवून, नोंदविली गेली.